यजमान-प्रणालीची आवृत्ती बदलताना इमेजची निवड

१. प्रश्नाचे स्वरूप

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालविण्याची पद्धत आता विद्यापीठांच्या संगणक-केंद्रांत रूढ झाली आहे. ज्या सर्व्हरवर ही यंत्रे नांदतात त्यास यजमान अथवा होस्ट म्हणतात. आणि त्या सर्व्हरवर थेट बसविलेल्या व सर्व यंत्रांना प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि नेटवर्क वाटून देणाऱ्या मूळ प्रणालीस हायपरव्हायझर अशी संज्ञा आहे. व्हीएमवेअरची ईएसएक्सआय ही या वर्गातील एक सुपरिचित प्रणाली होय. दर काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती चढवावी लागते, आणि त्या वेळी एक प्रश्न हटकून उभा राहतो. सर्व्हर डेल, ह्यूलेट-पॅकार्ड एन्टरप्राइज, लेनोव्हो किंवा सिस्को यांसारख्या उत्पादकाचा असेल, तर नवी आवृत्ती व्हीएमवेअरने सर्वांसाठी काढलेल्या सामान्य इमेजवरून चढवावी, की त्या उत्पादकाने स्वतःच्या सर्व्हरांसाठी सिद्ध केलेल्या विशेष इमेजवरून?

वरवर पाहता हा प्रश्न किरकोळ वाटतो. दोन्ही इमेजवर आवृत्तीचा क्रमांक एकच असतो. दोन्ही चढविल्यावर दिसणारा पडदाही जवळजवळ सारखाच असतो. तथापि यजमान हा एकट्यापुरता संगणक नसतो. त्याच्यावर एखाद्या विभागाचे परीक्षा-निकाल, दुसऱ्याच्या प्रयोगांची मोजमापे आणि तिसऱ्या विभागातील विद्यार्थ्यांचे प्रबंध एकाच वेळी विसंबून असतात. इमेज चुकली तर काही वेळा सर्व्हर उठतच नाही. आणि काही वेळा तो उत्तम उठतो, महिनोन्‌महिने चालतो, पण आपली डिस्क निकामी झाल्याची वर्दी मात्र कोणालाही देत नाही. या दोहोंपैकी दुसरा प्रकार अधिक घातक होय. म्हणून या निवडीमागील कारणपरंपरा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

२. इमेजची घडण

उत्पादकांना वेगळी इमेज काढण्याची गरज का भासली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. व्हीएमवेअर ही कंपनी १९९८ साली स्थापन झाली, आणि सर्व्हरवर थेट बसणारी ईएसएक्स ही तिची प्रणाली २००१ साली बाजारात आली. त्या प्रणालीच्या जोडीला सर्व्हिस कन्सोल नावाची लिनक्सवर आधारलेली एक व्यवस्थापन-खोली असे. सर्व्हरचे उत्पादक आपली देखरेखीची साधने या खोलीत नेहमीच्या लिनक्स-पॅकेजांप्रमाणे बसवीत. २००७ साली ३.५ आवृत्तीबरोबर ईएसएक्सआय हा आटोपशीर प्रकार आला व त्यात ही खोलीच नव्हती. २०१० सालची ४.१ ही सर्व्हिस कन्सोल असलेली शेवटची आवृत्ती ठरली. २०११ सालच्या ५.० पासून फक्त ईएसएक्सआय उरली. खोली गेली तेव्हा तिच्यातील बिऱ्हाडेही हलवावी लागली. उत्पादकांची साधने यापुढे प्रणालीच्या गाभ्याशेजारी, तिच्याच नियमांनी आणि तिच्याच सहीशिक्क्यानिशी बसविणे भाग पडले.

या नव्या व्यवस्थेतील मूळ एकक म्हणजे व्हिब. व्हिब ही एक गाठोडेवजा फाइल असून तिच्यात तीन गोष्टी असतात : प्रत्यक्ष बसवावयाचा माल, त्या मालाचे नाव-आवृत्ती-अवलंबन सांगणारे वर्णनपत्र, आणि तो कोणी दिला याची साक्ष देणारी अंकीय सही. सहीच्या मागे किती परीक्षण झाले आहे त्यानुसार व्हिबांच्या चार पायऱ्या ठरलेल्या आहेत : व्हीएमवेअर-सर्टिफाइड, व्हीएमवेअर-अ‍ॅक्सेप्टेड, पार्टनर-सपोर्टेड आणि कम्युनिटी-सपोर्टेड. यजमानाची स्वतःचीही एक पायरी ठरलेली असते व तिच्याहून खालच्या पायरीचे व्हिब तो स्वीकारीत नाही. ६.५ आवृत्तीपासून सिक्युअर बूट ही सोय आली. ती चालू असेल तर सर्वांत खालच्या पायरीचे व्हिब असलेला यजमान सुरू होण्यासच नकार देतो.

अशा व्हिबांचा ठरावीक संच म्हणजे इमेज-प्रोफाइल. हा संच दोन रूपांत मिळतो. आय.एस.ओ. रूपातील इमेजवरून सर्व्हर थेट सुरू करता येतो. आणि झिप रूपातील गठ्ठा, ज्यास ऑफलाइन बंडल म्हणतात, तो चालू यजमानावर आज्ञा देऊन लावता येतो. इमेज म्हणजे एकसंध ठोकळा असा जो समज आढळतो तो बरोबर नाही. ती सुट्या व्हिबांची यादी आहे, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे पुढील बहुतेक गुंतागुंत उलगडते.

३. सामान्य इमेज आणि उत्पादकाची इमेज

व्हीएमवेअरच्या सामान्य इमेजमध्ये प्रणालीचा गाभा आणि त्याबरोबर येणारे ड्रायव्हर असतात. या ड्रायव्हरांना इनबॉक्स ड्रायव्हर म्हणतात. प्रचारात असलेली बहुसंख्य नेटवर्क-कार्डे व डिस्क-नियंत्रक यांची सोय त्यांच्यात असते. परंतु एखाद्या विशिष्ट सर्व्हरमधील विशिष्ट कार्डासाठी नवीनतम ड्रायव्हर त्यांच्यात असेलच असे नाही. कार्डांचे निर्माते आपले ड्रायव्हर गाभ्याच्या वेळापत्रकाबाहेर, स्वतंत्रपणे प्रसिद्ध करीत असतात. त्यांना असिंक ड्रायव्हर असे नाव आहे.

उत्पादकाची इमेज याच सामान्य इमेजच्या पायावर उभी असते. गाभ्याला उत्पादक हात लावीत नाही. तो तीन प्रकारची भर घालतो. पहिली भर त्याच्या सर्व्हरांत प्रत्यक्ष बसणाऱ्या कार्डांच्या असिंक ड्रायव्हरांची. दुसरी भर देखरेखीच्या साधनांची. उदाहरणार्थ, ह्यूलेट-पॅकार्ड एन्टरप्राइजच्या इमेजमध्ये सर्व्हरवरील आयलो या व्यवस्थापन-चिपशी बोलणारा ड्रायव्हर व एजंटलेस मॅनेजमेंट सर्व्हिस ही सेवा असते. तिसरी भर डिस्क-नियंत्रकाची रचना पाहण्या-बदलण्याच्या आज्ञावलींची. ही भर सर्व उत्पादकांची सारखी नसते. डेलच्या इमेजमध्ये ड्रायव्हरांवर भर राहिला, आणि ओपनमॅनेज या साधनाचे व्हिब प्रायः वेगळेच बसवावे लागत आले. म्हणून ‘उत्पादकाची इमेज वापरली’ एवढ्याने देखरेखीची सोय झालीच, असे गृहीत धरू नये.

उत्पादकाची एकच इमेज एका आवृत्तीसाठी पुरते असेही नाही. डेल आपल्या इमेजच्या नावात ए-००, ए-०१ असे अनुक्रम घालते. गाभा तोच राहून ड्रायव्हर बदलले की अनुक्रम बदलतो. ह्यूलेट-पॅकार्ड एन्टरप्राइजने ६.५ आवृत्तीच्या वेळी नवव्या पिढीच्या आधीच्या सर्व्हरांसाठी एक व त्यापुढील सर्व्हरांसाठी दुसरी अशा दोन वेगळ्या इमेज काढल्या होत्या. नाव व आवृत्ती पाहून इमेज उचलणाऱ्यास हा भेद सहज निसटतो. यावरून असे दिसते की, निवड करताना उत्पादकाचे नाव, सर्व्हरची पिढी, गाभ्याचा बिल्ड-क्रमांक आणि उत्पादकाचा अनुक्रम ही चारही अंगे जुळविणे आवश्यक आहे.

४. आवृत्ती चढविताना प्रत्यक्ष काय घडते

कोऱ्या सर्व्हरवर प्रथमच प्रणाली बसविताना इमेजमध्ये जे आहे तेच यजमानावर येते. चालू यजमानाची आवृत्ती बदलताना मात्र दोन याद्या समोरासमोर येतात : एक यजमानावर आधीच असलेल्या व्हिबांची, दुसरी नव्या इमेजमधील व्हिबांची. या दोन याद्यांचा मेळ कसा घातला जातो, यावर सारे अवलंबून असते.

आज्ञेने बदल करावयाचा झाल्यास दोन रीती उपलब्ध आहेत, आणि त्यांच्या नावांतील साम्यामुळे अनेकांची गफलत होते. ‘प्रोफाइल अपडेट’ या रीतीत नव्या इमेजमधील अधिक वरच्या आवृत्तीचे व्हिब जुन्यांची जागा घेतात, पूर्वी नसलेले नवे व्हिब येतात, पण यजमानावर असलेले व इमेजमध्ये नसलेले व्हिब जागचे हलत नाहीत. ‘प्रोफाइल इन्स्टॉल’ या रीतीत यजमानाची यादी इमेजच्या यादीबरहुकूम केली जाते; इमेजमध्ये नसलेले व्हिब काढले जातात. असे काढणे घडणार असेल तर आज्ञा स्पष्ट संमती मागते, आणि ती दिल्यावाचून पुढे जात नाही. आय.एस.ओ.वरून सर्व्हर सुरू करून ‘अपग्रेड’ हा पर्याय निवडला तर सामान्यतः पहिल्या रीतीसारखे वर्तन होते. तेथेच ‘इन्स्टॉल’ निवडल्यास आभासी यंत्रांचा साठा राखता येतो, पण यजमानाची जुनी मांडणी व जुने व्हिब राहत नाहीत.

या भेदाचे एक बोलके उदाहरण २०१३ सालच्या ५.५ आवृत्तीत सापडते. रिअलटेक या निर्मात्याच्या काही नेटवर्क-कार्डांचे ड्रायव्हर त्या आवृत्तीच्या इमेजमधून वगळण्यात आले होते. ज्यांनी ५.१ वरून ‘अपडेट’च्या रीतीने मजल मारली त्यांचे जुने ड्रायव्हर टिकून राहिले व कार्डे चालू राहिली, ज्यांनी नव्याने स्थापना केली त्यांना नेटवर्क-कार्ड आढळत नसल्याचा संदेश मिळाला. सर्व्हर तोच, कार्ड तेच, आवृत्तीही तीच. फरक पडला तो केवळ रीतीमुळे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. उत्पादकाच्या इमेजवरून उभारलेल्या यजमानावर सामान्य इमेज ‘अपडेट’च्या रीतीने चढविली, तर गाभा नवा होतो आणि उत्पादकाचे ड्रायव्हर व साधने जुन्याच आवृत्तीची राहतात. म्हणजे ६.५ साठी तपासलेली सेवा ६.७ च्या गाभ्यावर चालू लागते. कित्येकदा हे निभते. पण ते निभेल याची हमी कोणी दिलेली नसते. सामान्य इमेज ‘इन्स्टॉल’च्या रीतीने लावली, तर उत्पादकाची भर सबंध निघून जाते आणि केवळ इनबॉक्स ड्रायव्हर उरतात. याउलट उत्पादकाची योग्य इमेज वापरल्यास गाभा आणि भर ही दोन्ही एकाच पावलाने पुढे जातात. मोठ्या आवृत्तीबदलासाठी उत्पादकाच्या इमेजला प्रथम पसंती द्यावी, या रूढ सल्ल्याचे मूळ येथे आहे.

गाभ्यातच मूलभूत बदल होतो तेव्हा हा सल्ला सोय न राहता गरज बनतो. २०२० सालच्या ७.० आवृत्तीपर्यंत जुने ड्रायव्हर व्हीएमके-लिनक्स नावाच्या एका मध्यस्थ थराच्या आधारे चालत असत. ५.५ पासून गाभ्याशी थेट बोलणारे नेटिव्ह ड्रायव्हर येऊ लागले होते, ७.० मध्ये मध्यस्थ थर काढून टाकण्यात आला. परिणामी, जुन्या थरावर विसंबलेला एखादा व्हिब यजमानावर शिल्लक असला तर आवृत्तीबदल अवलंबन पूर्ण होत नसल्याचे सांगून थांबतो. असा व्हिब वापरात नसेल तर तो आधी काढावा. वापरात असेल तर त्या कार्डासाठी नेटिव्ह ड्रायव्हर उपलब्ध आहे काय हे पाहावे. आणि तो नसेल तर कार्डच बदलावे. चौथा मार्ग नाही.

५. पणास लागणाऱ्या गोष्टी

चुकीच्या निवडीतून उद्भवणाऱ्या हानीचे तीन प्रकार संभवतात. पहिला उघड प्रकार : डिस्क-नियंत्रकाचा वा नेटवर्क-कार्डाचा ड्रायव्हर न मिळाल्याने यजमान आपला साठा किंवा जाळे गमावतो. हा आघात मोठा दिसतो, पण तो त्याच क्षणी कळतो व त्याच रात्री दुरुस्त होऊ शकतो. दुसरा प्रकार अस्थैर्याचा. ड्रायव्हर व कार्डातील फर्मवेअर यांची जोडी न जमल्यास काम मंदावते, जोडणी मधूनमधून तुटते किंवा भार वाढताच यजमान कोसळून प्रसिद्ध जांभळा पडदा दिसू लागतो. येथे कारण शोधण्यात आठवडे जाऊ शकतात. कारण दोष आवृत्ती चढविल्यानंतर बऱ्याच दिवसांनी प्रकट होतो.

तिसरा प्रकार मुका आहे. अनेक सर्व्हरांत डिस्का रेड-नियंत्रकामागे असतात. गाभ्याला नियंत्रकाने दाखविलेला एक अखंड साठा तेवढा दिसतो. त्यामागील अमुक क्रमांकाची डिस्क निकामी झाली हे नियंत्रकाची भाषा जाणणारे साधनच सांगू शकते. ते साधन आवृत्तीबदलात निघून गेले, तर पंखे व तापमान यांची नोंद दिसत राहते आणि व्यवस्थापकाला सर्व ठीक असल्याचा भास होतो. एका डिस्कच्या नुकसानीला सोसण्याइतपत रचना असल्याने पहिली डिस्क गेल्याचे कोणास जाणवत नाही. दुसरी जाते तेव्हा साठाच गेलेला असतो. नव्या पिढ्यांच्या सर्व्हरांत आयलो व आयड्रॅक यांसारख्या व्यवस्थापन-चिपा बऱ्याच नियंत्रकांची विचारपूस गाभ्याला वळसा घालून करतात, त्यामुळे हा धोका कमी झाला आहे. परंतु त्या चिपांकडून इशारा कोठे जातो व तो कोण वाचतो, हे ठरविलेले नसेल तर ही सोय कागदावरच राहते.

याचा अर्थ उत्पादकाची भर सदैव हितकारकच असते असा नव्हे. ५.५ आवृत्तीच्या काळात ह्यूलेट-पॅकार्डच्या वर उल्लेखिलेल्या व्यवस्थापन-सेवेच्या काही आवृत्त्यांत स्मृतीची गळती होती. यजमानाचा अंतर्गत स्मृतिसाठा हळूहळू संपे आणि मग त्यावरील यंत्रे दुसऱ्या यजमानावर हलविणे किंवा नवी सेवा सुरू करणे अशक्य होई. सामान्य इमेजवर उभारलेल्या यजमानांना ही बाधा नव्हती. अर्थात गाभ्याच्या बाजूनेही असे दोष घडले आहेत. ७.० अपडेट ३ आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या दोन सुधारणा व्हीएमवेअरने नोव्हेंबर २०२१ मध्ये वितरणातून मागे घेतल्या. इंटेलच्या एका नेटवर्क-ड्रायव्हरचे नाव ‘आय-४०-ई-एन’वरून ‘आय-४०-ई-एन-यू’ असे बदलल्यामुळे काही यजमानांवर एकाच कार्डाचे दोन ड्रायव्हर नांदू लागले व आवृत्ती चढविण्यात अडथळा आला, हे त्या प्रकरणातील एक प्रमुख कारण होते. जानेवारी २०२२ मधील अपडेट ३-सी मध्ये नाव पूर्ववत करण्यात आले व अशा यजमानांची आगाऊ तपासणीही जोडण्यात आली. यादीतील केवळ एका नावाच्या बदलाने एवढा गोंधळ होऊ शकतो, हे इमेजच्या घडणीसंबंधी वर केलेल्या विवेचनास पुष्टी देणारेच आहे.

६. विलंबाचा प्रश्न

उत्पादकाच्या इमेजवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप विलंबाचा आहे. गाभा प्रथम प्रसिद्ध होतो. उत्पादक त्यावर आपली भर घालून व चाचणी करून नंतर आपली इमेज काढतो. या मधल्या काळात एखादा सुरक्षादोष उघड झाला तर काय करावे? थांबणे नेहमीच निर्धोक नसते. ईएसएक्सआयमधील ओपन-एस.एल.पी. या सेवेतील एका गंभीर दोषावर व्हीएमवेअरने फेब्रुवारी २०२१ मध्ये दुरुस्ती काढली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्ज या नावाने ओळखल्या गेलेल्या खंडणीखोर हल्ल्याने निरनिराळ्या देशांतील यजमानांवरील आभासी यंत्रांच्या फाइली कुलूपबंद केल्या. या हल्ल्याचा संबंध दोन वर्षांपूर्वीच दुरुस्ती निघालेल्या अशा जुन्या दोषांशी जोडला गेला. ज्यांनी दुरुस्ती वेळीच लावली नाही त्यांना तिची खरी किंमत त्या दिवशी कळली.

या पेचातून सुटण्याचा मार्ग मोठा आवृत्तीबदल आणि लहान दुरुस्ती यांत भेद करण्यात आहे. ६.७ वरून ७.० वर किंवा ७.० वरून ८.० वर जाणे हा मोठा बदल होय. तेथे उत्पादकाच्या इमेजची वाट पाहणे योग्य. परंतु त्याच आवृत्तीतील सुरक्षा-दुरुस्ती व्हीएमवेअरच्या सामान्य गठ्ठ्यातून ‘अपडेट’च्या रीतीने लावण्यास सहसा हरकत नसते. त्या रीतीत फक्त खालच्या आवृत्तीचे व्हिब बदलले जातात. उत्पादकाचे असिंक ड्रायव्हर इनबॉक्स ड्रायव्हरांहून वरच्या आवृत्तीचे असतील तर ते जसेच्या तसे राहतात. दुरुस्तीसाठी ‘इन्स्टॉल’ची रीत वापरणे मात्र कटाक्षाने टाळावे. आंबा पाडण्यासाठी फांदीच तोडावी, तसा तो प्रकार होईल.

७. जुने सर्व्हर

उत्पादकाने एखाद्या सर्व्हरसाठी नव्या आवृत्तीची इमेजच काढली नसेल, तर सामान्य इमेज वापरून पुढे जावे काय, हा प्रश्न मर्यादित निधीवर चालणाऱ्या विभागांना वारंवार पडतो. इमेज नसणे हा पुष्कळदा अपघात नसून संकेत असतो. सर्व्हरचे मॉडेल, प्रोसेसरची पिढी व आवृत्ती यांच्या जोडीने सुसंगततेची अधिकृत यादी प्रसिद्ध होते; तीत तो सर्व्हर नसेल तर सामान्य इमेजने प्रणाली कदाचित बसेल, पण बिघाडाच्या वेळी मदत मागण्याचा अधिकार राहणार नाही. काही ठिकाणी तर प्रणाली बसणारही नाही. ७.० आवृत्तीने इंटेलच्या वेस्टमिअर पिढीच्या सर्व्हर-प्रोसेसरांचा आधार काढून घेतला.

मार्गाचाही विचार करावा लागतो. ५.५ वरून थेट ६.७ वर आणि ६.० वरून थेट ७.० वर जाता येत नाही. मधला टप्पा घ्यावा लागतो, व त्या टप्प्यासाठीही योग्य इमेज हवी. शिवाय परतीची वाट सर्वत्र सारखी नाही. ईएसएक्सआय आपल्या डिस्कवर स्वतःच्या दोन प्रती ठेवते. नवी प्रत बिघडल्यास सर्व्हर सुरू होताना शिफ्ट व आर या कळा एकत्र दाबून जुन्या प्रतीवर परतता येते. परंतु ७.० मध्ये डिस्कची विभागणीच बदलली असल्याने ६.५ किंवा ६.७ वरून तेथे गेल्यावर ही वाट बंद होते. परत यावयाचे तर नव्याने स्थापना करणे हाच उपाय उरतो. अशा उडीपूर्वी इमेजची निवड दुप्पट काळजीने व्हावी, हे सांगणे नलगे.

८. ७.० नंतरची व्यवस्था

७.० आवृत्तीपासून निवडीचे स्वरूपच काहीसे पालटले आहे. लाइफसायकल मॅनेजर या नव्या साधनात इमेज थरांनी रचली जाते. तळाशी व्हीएमवेअरची बेस इमेज. तिच्यावर उत्पादकाचे व्हेंडर अ‍ॅड-ऑन. आणि त्यावर, हवे असल्यास, व्यवस्थापकाने निवडलेले स्वतंत्र घटक. वरच्या थरातील घटक खालच्या थरातील त्याच नावाच्या घटकावर मात करतो. ही यादी एका यजमानासाठी न ठरविता सबंध क्लस्टरसाठी ठरविली जाते व कोणता यजमान तिच्यापासून ढळला आहे हे साधनच दाखवून देते. उत्पादकाने आपले हार्डवेअर सपोर्ट मॅनेजर पुरविले असेल तर फर्मवेअरही याच यादीत ओवता येते. पूर्वीची बेसलाइन-पद्धती ८.० मध्ये मावळतीस लागल्याचे जाहीर झाले आहे.

या व्यवस्थेचा मोठा लाभ असा की, ‘ही की ती’ हा जुना प्रश्न ‘कोणता पाया आणि त्यावर कोणती भर’ अशा अधिक नेमक्या रूपात विचारता येतो. पाया पुढे नेऊन भर तात्पुरती जुनीच ठेवणे, किंवा भरीतील एकाच सदोष ड्रायव्हरच्या जागी दुसरा बसविणे शक्य होते. मात्र स्वातंत्र्याबरोबर जबाबदारीही येते. ड्रायव्हर व फर्मवेअर यांची परस्परांशी तपासलेली जोडी उत्पादक जाहीर करीत असतो. ह्यूलेट-पॅकार्डने तर अशा पत्रकास ‘रेसिपी’, म्हणजे पाककृती, असेच नाव दिले होते. पाककृतीतील एक जिन्नस बदलणाऱ्याने उरलेल्यांचे प्रमाण पुन्हा पाहिले पाहिजे.

९. निर्णयाची रीत

वरील विवेचनावरून निर्णयाचा एक क्रम सिद्ध होतो. प्रथम यजमान सध्या कोणत्या इमेजवर उभा आहे हे नावावरून न मानता व्हिबांची यादी काढून पाहावे. यादीत प्रत्येक व्हिबपुढे तो देणाऱ्याचे नाव असते, आणि भर कोणाची व किती हे तेथेच कळते. नंतर सर्व्हरचे मॉडेल, प्रोसेसर, नेटवर्क-कार्ड व डिस्क-नियंत्रक हे सुसंगततेच्या यादीशी ताडून पाहावेत. तिसऱ्या पायरीवर उत्पादकाच्या त्या पिढीसाठी असलेल्या इमेजचा शोध घ्यावा, तिचे अंकीय ठसे उत्पादकाने दिलेल्या ठशांशी जुळतात याची खात्री करावी आणि ती सांगेल त्या पातळीपर्यंत फर्मवेअर आधी न्यावे. यजमानांचे नियंत्रण करणारा व्हीसेंटर नेहमी यजमानांच्या आधी पुढे न्यावयाचा असतो, हेही विसरू नये.

प्रत्यक्ष बदलापूर्वी यजमानाच्या मांडणीची प्रत बाहेर काढून ठेवावी आणि आज्ञेला कोरड्या फेरीची, म्हणजे ड्राय-रनची, पुस्ती जोडून ती चालवावी. या फेरीत काहीही बदलत नाही. पण कोणते व्हिब येतील, कोणते जातील व कोणते अडतील ही सबंध यादी समोर येते. ‘जातील’ या मथळ्याखाली डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हर वा देखरेखीचे साधन दिसल्यास तेथेच थांबावे. त्यानंतर एकाच यजमानावरील यंत्रे दुसरीकडे हलवून, त्याला देखभालीच्या अवस्थेत नेऊन बदल करावा. सर्व्हर सुरू झाला एवढ्यावर समाधान मानू नये. नेटवर्क-जोडण्या व साठ्याचे मार्ग मोजावेत आणि डिस्कची स्थिती पूर्वीप्रमाणे कळते काय याची मुद्दाम तपासणी करावी. काही दिवस भाराखाली निरीक्षण केल्यावरच उरलेले यजमान घ्यावेत.

सामान्य इमेज वापरणे रास्त ठरते असे प्रसंगही आहेत. कोणत्याही उत्पादकाच्या नावाशिवाय सुट्या भागांतून जुळविलेला परंतु सुसंगत सर्व्हर. अध्यापनासाठी एका आभासी यंत्राच्या आत चालविलेला प्रायोगिक यजमान. किंवा ज्याच्या सर्व कार्डांची सोय इनबॉक्स ड्रायव्हरांत आहे आणि ज्याची देखरेख संपूर्णतः व्यवस्थापन-चिपेकडे सोपविली आहे असा सर्व्हर. भिन्न उत्पादकांचे सर्व्हर एकाच पद्धतीने चालवू इच्छिणारी केंद्रे इमेज बिल्डर या साधनाने सामान्य पायावर नेमके हवे तेवढेच व्हिब घालून स्वतःची इमेज रचतात. परंतु त्या क्षणी उत्पादकाचे चाचणीचे काम त्यांनी स्वतःकडे घेतलेले असते, याची जाणीव त्यांना असावयास हवी.

७.० आवृत्तीचा सर्वसाधारण आधार २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे अनेक केंद्रांपुढे ही निवड तातडीची झाली आहे. इमेज ही अखेर एक यादी आहे, आणि तीतील प्रत्येक ओळ सर्व्हरमधील कोणत्या ना कोणत्या वस्तूशी बांधलेली आहे. जो व्यवस्थापक आपल्या सर्व्हरमधील वस्तूंची यादी आधी करतो, त्याला इमेजची यादी पारखणे अवघड जात नाही. आणि जी ओळ गळली तर कोणाच्या कामाचे नुकसान होईल, हे त्याला सांगावे लागत नाही.